आजीची बाळगोधडी: चार थर आणि तांदळाएवढे टाके

या वेळचा एपिसोड सोलापूरच्या घरून रेकॉर्ड केलाय, मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात ते चालवून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय.

ताईचं बाळ दीड महिन्याचं. मी मामा, त्यामुळे ऐटीत ऑनलाइन एक पांघरूण मागवलं. कडेने गोंडे, मधे टिकल्यांचा ससा. महिना एप्रिल, पारा चाळिशीपार आणि कापड पॉलिस्टर! दोन दिवसांत बाळाच्या मानेवर घामोळं. आजी काही बोलली नाही. तिने फक्त ट्रंक उघडली आणि स्वतःचं जुनं सुती इरकल न् आजोबांची दोन धोतरं बाहेर काढली.

जुनंच कापड का? नव्या कापडात खळ असते, रंगही सुटतो. वर्षानुवर्षं धुतलेल्या साडीतली खळ कधीच गेलेली, सुटायचा तो रंग सुटलेला, धागा मऊ पडलेला. बाळ गोधडीचं टोक तोंडात घालणारच, तेव्हा याला महत्त्व आहे. आत धोतराचे दोन थर, वर-खाली साडी. थरांमध्ये हवा अडकते, तीच ऊब देते. सूत घाम शोषतं. कापूस भरलेली दुलई धुतली की आत गोळे होतात. ही बादलीत धुवा, उन्हात टाका, दुपारी वाळलेली.

धावदोरा मला नुसती नक्षी वाटायचा. आजी कडेपासून सुरू करते आणि चौकोनात चौकोन घालत मधे येते, म्हणजे थर सरकत नाहीत. टाके तांदळाएवढे. लांब सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि ही गंभीर गोष्ट आहे. इरकलचे काठ तिने चारी कडांना लावले. दिसतात झकास, पण कड सगळ्यात आधी झिजते आणि काठाची वीण घट्ट असते, हे खरं कारण. आरसे, मणी, घुंगरू काही नाही. सुटलं की तोंडात जाणार. (सोलापुरी चादर कापून करू का, असं मी विचारलं होतं. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आमचा अभिमान आहे, पण एवढ्याशा जिवाला ती जड.)

शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकू बघायला आल्या. त्या हिला कौदी म्हणतात. त्यांनीही दोन ओळी घातल्या.

एक गोष्ट मात्र मी आजीला भीत भीतच सांगितली. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण, मऊ गोधडी ठेवू नका, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते. तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. वाटलं, आता रागावणार. आजीने सुईत दोरा ओवला.

"अरे, मांडीवर घ्यायलाच शिवतेय की. जागं असलं की खाली अंथरायची, आपण जवळ बसायचं. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला न्यायचंय ना त्याला? तिथं गार वारा असतो."