ताटव्याचं दीड दशक

न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीत आम्ही घर घेतलं ते २००९ साली. ट्यूलिपचे पहिले कंद मातीत गेले तेही त्याच शरदात. तोवर ट्यूलिप म्हणजे ‘सिलसिला’मधली हॉलंडची क्यूकेनहॉफची बाग, एवढीच आमच्या पिढीची ओळख. तसला भरगच्चपणा दारात आणायचा तर कंद किती लागतात, हे सिनेमा सांगत नाही. एका कंदाला बहुतेक वेळा एकच फूल. ताटवा दाट दिसायचा तर चौरस फुटाला सहा कंद तरी हवेत. म्हणजे शंभर कंदांत जेमतेम सतरा चौरस फूट भरतात, आणि लांबून पाहणाऱ्याला ती चार फुलंच वाटतात.

सुरुवातीची वर्षं मिश्र रंगांच्या पिशव्यांची. त्या स्वस्त पडतात. पण लवकर फुलणारे, उशिरा फुलणारे, उंच, बुटके असे सगळे त्यात एकत्र असतात. एकाच्या पाकळ्या गळून पडतात तेव्हा दुसऱ्याची कळी अजून हिरवी. बाग महिनाभर फुललेली असते, ताटवा मात्र एकही दिवस दिसत नाही. मग एका वाफ्यात एकच जात, फार तर दोन, असं ठरलं. लाल ‘अपेलडोर्न’ आणि पिवळा ‘गोल्डन अपेलडोर्न’ ही डार्विन संकरातली भरवशाची मंडळी. उंच, दणकट आणि वाऱ्याला न डगमगणारी. मेच्या सुरुवातीसाठी जवळजवळ काळा दिसणारा ‘क्वीन ऑफ नाइट’.

इथली माती लाल आहे, कोकणातल्या माणसाला पाहताक्षणी घरची वाटावी अशी. पण जांभ्याच्या मातीतून पाणी भराभर झिरपून जातं, ही मात्र चिकण. हिवाळाभर ओलीत बसलेला कंद कुजतो. म्हणून एकेक खड्डा करत बसायचं सोडून अख्खा वाफाच आठ इंच खोदायचा, तळाला जाड वाळू आणि कंपोस्ट घालायचं, त्यावर कंद टोक वर करून मांडायचे आणि माती ओढायची, ही पद्धत आली. कंबर तेवढीच दुखते, पण एका दुपारी काम उरकतं.

२०१२ साल विसरता येणार नाही. त्या वर्षी मार्चच इतका तापला की फुलं लवकर आली आणि उन्हानं भराभर उघडून गळलीही. पुढे २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आलं. कंदांची खोकी गॅरेजमध्ये, घरात वीज नाही, आणि लगेच ७ नोव्हेंबरला बर्फ. लावणी थँक्सगिव्हिंगपर्यंत लांबली. पुढच्या एप्रिलात आला तो तोवरचा सगळ्यात देखणा ताटवा. एक कारण म्हणजे शेजारचा मेपल वादळात पडला आणि आमच्या अंगणात ऊन आलं. दुसरं म्हणजे, थंड झालेल्या मातीत ट्यूलिपच्या पानांवर करपा आणणारी बुरशी कमी जोर धरते. इंग्लंडमधले बागवान मुद्दामच नोव्हेंबरपर्यंत थांबतात. तेव्हापासून आम्हीही थांबतो.

पण एवढ्या वर्षांत समजलेली खरी गोष्ट मातीखालची आहे. जूनमध्ये पिवळ्या पानांचा एक झुबका उपटून पाहावा. आपण लावलेला गलेलठ्ठ कंद तिथे नसतोच. उरतात त्याची तपकिरी, कागदासारखी सालं आणि त्यांच्यात दाटीनं बसलेली तीन-चार पिल्लं. एखादं थोराड, बाकीची लसणाच्या पाकळीएवढी. ही लहान पिल्लं पुढच्या वर्षी एकेक रुंद पान देतात आणि गप्प बसतात. हॉलंडमधले शेतकरी रंग तपासून झाला की फुलं खुडून टाकतात, म्हणजे सगळी ताकद कंदात उतरते. उन्हाळ्यात ते कंद काढून, घेर मोजून, उबदार कोरड्या गोदामात ठेवतात. पुढची कळी तिथेच कंदाच्या पोटात तयार होते. मूळचं हे मध्य आशियातल्या डोंगरांवरचं झाड, कोरड्या कडक उन्हाळ्यात निजणारं. आमचा जुलै-ऑगस्ट दमट आणि पावसाचा. तेव्हा ताटवा हवा तर दर वर्षी नवे कंद घ्यायचे, हे आम्ही मान्य करून टाकलं. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी बिल पाहून विचारलं होतं, “अगं, एवढ्या पैशांत मोगरा किती आला असता?” ही उधळपट्टी आहे, मला मान्य आहे. मोगरा इथल्या जानेवारीत बाहेर जगत नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं.

उधळपट्टीत वाटेकरीही आहेत. खारी कंद उकरतात, त्यासाठी मार्चपर्यंत वाफ्यावर बारीक तारेची जाळी अंथरावी लागते. हरणांना ट्यूलिपची कळी म्हणजे पंगतीतली जिलेबी. नासक्या अंड्यांचं फवारणीचं औषध लागू पडतं, पण पावसानंतर पुन्हा मारावं लागतं. सासूबाई होत्या त्या वसंतात हे काम त्या दुपारी झोपल्या की चाले. डॅफोडिल विषारी असल्यानं त्याला हरणं तोंड लावत नाहीत, म्हणून आता वाफ्याच्या कडेनं त्याची रांग आहे.

२०२०च्या एप्रिलात क्यूकेनहॉफ पाहुण्यांना बंद होती आणि आमच्या गल्लीत मात्र फिरायला येणाऱ्यांची रीघ. अक्षय्य तृतीयेला ताटवा पूर्ण भरात होता. गेली दहा वर्षं समोर राहणारी माणसं त्या महिन्यात पहिल्यांदा थांबून बोलली.

पुण्याहून दर वर्षी कोणीतरी कंद मागतं. बारा ते सोळा आठवडे थंडी मिळाल्याशिवाय ट्यूलिप नीट फुलत नाही. फ्रिजमध्ये ठेवून (सफरचंदांपासून दूर, त्यांच्या वायूनं आतली कळी मरते) कुंडीत एखादं फूल काढता येईल. ताटव्याचा नाद तिथे करू नये.

अलीकडे मला इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत रानात आढळणारा बारीक चणीचा ‘क्लुसियाना’ आवडू लागला आहे. पाकळ्या बाहेरून लाल, आतून पांढऱ्या. दगडी कडेच्या तापलेल्या, कोरड्या पट्ट्यात लावला तर आपला आपण परत येतो आणि हळूहळू पसरतो. लांबून मात्र तो उठून दिसत नाही.

गेल्या वसंतात पुढच्या वाफ्यात काही पानांवर करपा दिसला. ती झाडं मुळासकट कचऱ्यात गेली, कंपोस्टात नाही. तिथे आता तीन वर्षं ट्यूलिप लावायचा नाही, अ‍ॅलियम लावायचा. ‘गोल्डन अपेलडोर्न’ आणि ‘क्वीन ऑफ नाइट’ ड्राइव्ह-वेच्या कडेला सरकलेत. आमच्या ह्यांना झालरीच्या पाकळ्यांचे पॅरट ट्यूलिप हवे आहेत. ते पावसात मान टाकतात, तेव्हा पोर्चमधल्या दोन कुंड्या त्यांच्या.