सड्यावरची संपत्ति

सातारजवळील कासचें पठार वैशाखांत पाहणारास काळवंडलेल्या जांभ्या दगडावांचून तेथें कांहीं दिसत नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावरील अशा सड्यांस लोक ‘पडीक’ म्हणतात. हा शब्द आम्हांस अन्यायाचा वाटतो. कारण तेंच पठार भाद्रपदांत सीतेच्या आसवांनीं निळें, तेरड्यानें गुलाबी व गेंदानें पांढरें होतें.

बोटभर मातींत हें घडतें कसें? तेथें पोषण तोकडें. म्हणून सीतेचीं आसवें आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यांतले कीटक धरून उणीव भरून काढतात. वायतुरा पाऊस सरल्यावर कंदरूपानें निजून राहतो. शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं सातारच्या नांवानें नोंदलेली ही वनस्पति सह्याद्रीबाहेर आढळत नाहीं.

कास २०१२ सालीं जागतिक वारशांत गेलें. परंतु कोल्हापूर जिल्ह्यांतील कित्येक सड्यांच्या पोटीं बॉक्साइट आहे. त्यापासून ॲल्युमिनिअम होतें, आणि त्यासाठीं सड्याची पाठ सोलली जाते. मागाहून खड्ड्यांत माती भरून झाडें लावलीं कीं भरपाई झाली, ही समजूत चुकीची. दाट माती व सावली हेच या फुलांचे वैरी. कातळ गेला कीं त्यांचें बिऱ्हाडच गेलें.

ॲल्युमिनिअमचीं भांडीं आमच्याहि स्वयंपाकघरांत आहेत. तेव्हां खाणवाल्यांस दोष देऊन हात झटकणें प्रामाणिकपणाचें नव्हे. फुटकें भांडें मोडींत घालावें. तें वितळवून पुन्हां कामीं येतें. आणि मुलांस भाद्रपदांत एकदां सडा दाखवावा, मात्र पायवाट न सोडतां. ज्यास नांवानें ओळखलें, त्यास पुढें ‘पडीक’ म्हणवत नाहीं.