आधी रस्सा कशाचा ते विचारा

जपानला निघालेल्या शाकाहारी माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. सुशी, रामेन यांच्या वाटेला जाऊ नका, सरळ शाबू-शाबूच्या हॉटेलात शिरा. टेबलावरच्या भांड्यात पाणी उकळत असतं. मांसाचं ताट मागवायचं नाही, कोबी, मशरूम, टोफू आपल्या हाताने सोडायचे आणि खायचे. सगळं डोळ्यांसमोर शिजतं, मग फसगत होईल कशी? सहलीच्या गटांत, नातेवाइकांच्या फोनवर हा सल्ला इतक्या छातीठोकपणे दिला जातो की देणाऱ्याने त्या भांड्यातलं पाणी नेमकं कशाचं आहे, याची चौकशी केली असेल असंच ऐकणाऱ्याला वाटतं. बहुतेक वेळा ती केलेली नसते. जपानी हॉटपॉटमध्ये शाकाहार काय टाकलं यावर ठरतो, हा समज चुकीचा आहे. तो आधी ठरतो रस्सा कशाचा आहे यावर, आणि रस्सा तुम्ही खुर्चीवर बसण्यापूर्वीच तयार झालेला असतो.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचा पातळ अर्क. तो बहुतेक वेळा दोन गोष्टींपासून निघतो. एक कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. दुसरी कात्सुओबुशी, म्हणजे ट्यूनाच्या कुळातला कात्सुओ मासा उकडून, धुरावर सुकवून लाकडासारखा टणक केलेला. कोंबू पाण्यात घालून मंद तापवतात आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढतात. नाहीतर पाणी बुळबुळीत होतं आणि त्याला उग्र वास येतो. मग कात्सुओबुशीच्या कागदासारख्या पातळ पापड्या थोडा वेळ त्यात सोडतात आणि गाळून टाकतात. मागे उरतं ते सोनेरी, नितळ पाणी. त्यात ना काटा दिसतो, ना तुकडा, ना तवंग. म्हणूनच ‘समोर सगळं दिसतं’ हा युक्तिवाद पोकळ आहे. जे शोधायचं ते गाळणीत राहून गेलेलं असतं. तांबड्या रश्श्यातले तुकडे बाजूला काढून उरलेला रस्सा कुणी शाकाहारी म्हणून वाढला, तर कोल्हापुरात त्याचं काय होईल हे सांगायला नको. पण रस्सा पारदर्शक असला की तीच माणसं त्याला गरम पाणी समजून मोकळी होतात.

यावर पहिली हरकत जाणकारांकडून येते, आणि तिच्यात तथ्य आहे. शाबू-शाबूचा अस्सल रस्सा नुसत्या कोंबूचा असतो, पाण्यात शेवाळाची एक पट्टी, बस्स. हे खरं आहे, आणि वरचा सल्ला जन्मला तो बहुधा इथूनच. पण त्याला तीन फाटे फुटतात. पहिला फाटा पर्यायांचा. अनेक साखळी हॉटेलांत आज कोंबूच्या शेजारी सोयादूध, मिसो, किमची, टोमॅटो असे रश्श्यांचे चार-सहा पर्याय असतात. शाकाहारी माणूस नेमका सोयादूध किंवा टोमॅटोकडे वळतो, कारण नाव निर्धोक वाटतं. पण या तयार रश्श्यांत कोंबडीचा किंवा माशाचा अर्क मिसळलेला असणं अगदी नेहमीचं आहे, आणि किमचीत माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी बहुधा असतेच. नावं निर्धोक वाटली, तरी खरा निर्धोक रस्सा साध्या कोंबूचाच.

दुसरा फाटा बुडवून खायच्या सॉसचा. शाबू-शाबूचा रस्सा मुद्दाम सौम्य ठेवतात, कारण खरी चव वाटीतल्या सॉसमध्ये असते. पोंझू हा लिंबूवर्गीय फळांचा रस आणि सोया सॉस यांचा आंबट-खारट सॉस, पण तो मुरवताना त्यात कोंबूबरोबर कात्सुओबुशी घालणं ही रूढ पद्धत आहे. तिळाचा घट्ट गोमादारे दिसायला निष्पाप. त्यातही पुष्कळदा दाशी किंवा माशाचा अर्क असतो. टेबलावरच्या साध्या सोया सॉसच्या बाटलीशेजारी दाशी मिसळलेल्या सोया सॉसची बाटली उभी असू शकते, आणि दोन्हींचा रंग एकच. थोडक्यात, शुद्ध कोंबूच्या रश्श्यात शिजवलेला कोबी खाणारा दर घासाला मासा खात असतो आणि ते त्याच्या गावीही नसतं. तिसरा फाटा टेबलावरच्या सोबत्यांचा. भांडं एक आणि खाणारे चौघे असतील, तर पहिल्या दहा मिनिटांतच कोंबूचं पाणी मांसाचा रस्सा होतं. जेवणाच्या शेवटी त्याच रश्श्यात उदोनच्या शेवया किंवा भात घालून खायची पद्धत आहे आणि तोवर रश्श्यात जे जे शिजलं त्या सगळ्याचा अर्क त्या भातात उतरतो. सुकीयाकी या दुसऱ्या हॉटपॉटचं तर विचारूच नका: लोखंडी भांडं गरम झालं की त्यावर आधी गोमांसाच्या चरबीचा तुकडा फिरवतात आणि मगच बाकीचं सुरू होतं.

‘आम्ही विचारलं होतं, मांस नाही असं वेटरने सांगितलं,’ ही पुढची हरकत. वेटर बहुधा खोटं बोललेला नसतो. तिथे मासा मांसात मोजला जात नाही आणि हा हिशोब फार जुना आहे. ‘निहोन शोकी’ या प्राचीन इतिहासग्रंथातल्या नोंदीनुसार सम्राट तेन्मू यांनी इ. स. ६७५ मध्ये गायबैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस वर्षाच्या चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत खायला बंदी घातली. बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली असे हुकूम पुढेही निघत राहिले आणि जनावराचं मांस खाणं कमीपणाचं ठरलं. ते पूर्णपणे कधीच थांबलं नाही, पण राजमान्यता गेली ती गेली. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा कुठे ते उजळ माथ्याने ताटात आलं. या साऱ्या शतकांत मासा मात्र बंदीच्या बाहेर होता. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशात तो रोजचं अन्न होता आणि दाशी ही तर पदार्थात गणलीच जात नव्हती. ज्या समाजाने हजारभर वर्षं मांस आणि मासा यांना वेगळ्या खान्यात ठेवलं, तिथल्या वेटरला आपण ‘मांस आहे का?’ विचारतो आणि उत्तराने निश्चिंत होतो. चुकलेला असतो तो प्रश्न.

मग हॉटेलातला ॲलर्जीचा तक्ता बघावा, असं सुचवलं जातं. सूचना चांगली, पण अपुरी. जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर अंडं, दूध, गहू, बकव्हीट, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा अशा घटकांचा उल्लेख सक्तीचा आहे. सॅमन आणि मॅकरेलसारखे मासे ‘उल्लेख करावा’ अशा शिफारशीच्या यादीत आहेत. कात्सुओ या दोन्ही याद्यांत नाही. हॉटेलांवर तर ही सक्तीही नाही. बरीच साखळी हॉटेलं तक्ता स्वतःहून लावतात आणि तो याच याद्यांवर बेतलेला असतो. त्यामुळे तक्त्यात सगळ्या रकान्यांत ‘नाही’च्या फुल्या असल्या तरी रस्सा माशाचा असू शकतो. आपल्याकडच्या पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्याची सवय इथे दगा देते. तसा कोणताही सक्तीचा ठिपका तिथे नाही. शाकाहारी आणि व्हीगन पदार्थांसाठी सरकारी मानक २०२२ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक आहे.

एवढं सांगितलं की लंबक दुसऱ्या टोकाला जातो: ‘म्हणजे जपानमध्ये शाकाहारी माणसाने उपाशीच राहायचं. माशाशिवाय त्यांना चवच आणता येत नाही.’ हा पहिल्याइतकाच चुकीचा समज, आणि त्याविरुद्धचा पुरावा जपानी प्रयोगशाळेतूनच मिळतो. १९०८ मध्ये तोक्योच्या शाही विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूतून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. म्हणजे ज्या चवीला जपानी चव म्हणून जग ओळखतं, ती आधी सापडली शेवाळात. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनिक आम्ल दाखवून दिलं. १९५७ मध्ये आकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलिक आम्लाचा उमामी गुण ओळखला. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ते भरपूर असतं. या दोन आम्लांपैकी कुठलंही एक ग्लुटामेटच्या जोडीला आलं, की चव नुसती बेरजेने नाही, कितीतरी पटींनी वाढते, हेही त्यांनीच दाखवलं. रसायनाच्या भाषेत, कोंबूला जोडीदार हवा असतो. तो मासाच असायला हवा असं नाही, वाळवलेला शिताकेही चालतो.

जपानी मठांतल्या स्वयंपाक्यांनी ही जोडी रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी हेरली होती. शोजिन र्‍योरी ही बौद्ध मठांची पाककला मांस, मासे तर सोडाच, कांदा-लसणासारख्या पाच उग्र वनस्पतींनाही दूर ठेवते. चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घराला ती ओळखीची वाटावी. झेन गुरू दोगेन यांनी १२३७ मध्ये मठातल्या स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर ‘तेंझो क्योकुन’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. क्योतोत नान्झेन-जी मंदिराच्या परिसरातली हॉटेलं ज्या युदोफूसाठी प्रसिद्ध आहेत, ते याच परंपरेतलं हॉटपॉट: कोंबूच्या पाण्यात हळुवार तापवलेला टोफू. तिथेसुद्धा सोबतच्या सॉसबद्दल विचारावं लागतं, कारण त्यात कात्सुओची दाशी असू शकते. पण शाकाहार जपानला कळत नाही, हे म्हणणं त्या परंपरेचा अपमान आहे.

शेवटची हरकत वैतागातून येते: इतकी चिकित्सा कशाला, चवीपुरता तर मासा! ज्याला चालतो त्याने जरूर खावा. परदेशात गेल्यावर रस्सा चालवून घेणारे आणि तुकडा टाळणारे पुष्कळ आहेत, तो त्यांचा निर्णय. पण तो निर्णय असायला हवा. ‘भाज्या घे, काही होत नाही’ म्हणणारा सल्लागार दुसऱ्याचा नियम परस्पर सैल करत असतो, तोही माहिती नसताना. आणि चिकित्सा फार अवघडही नाही. दोघांसाठी किंवा एकेकट्यासाठी वेगळं भांडं देणारी हॉटेलं आहेत, दोन कप्प्यांची भांडी आहेत. तिथे फक्त चिमटा, झारा आणि पळी कप्प्यागणिक वेगळी ठेवावी लागते.

उरलेले गैरसमज एकेका ओळीत.

रश्श्यावर येणारा करडा फेस म्हणजे मळ नव्हे; मांसातली विरघळलेली प्रथिनं गोठून वर येतात, तो चवीसाठी काढतात.

मांसाच्या ताटातलं लाल पाणी रक्त नसतं. तो स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा रंग.

रस्सा उकळतोय म्हणून कुठलंही मांस क्षणभर बुडवून खाणं सुरक्षित होत नाही. डुकराचं आणि कोंबडीचं मांस आतपर्यंत शिजायलाच हवं, कच्चं डुकराचं मांस खायला विकण्यावर जपानने २०१५ मध्ये बंदी घातली आहे आणि कच्च्या मांसाचा चिमटा तोंडात जाणाऱ्या काड्यांपासून वेगळा ठेवायचा असतो.

सुकीयाकीबरोबरचं कच्चं अंडं जपानमध्ये चालतं कारण तिथल्या अंड्यांवरची तारीखच कच्चं खाण्यासाठीची असते. इथल्या अंड्यांवर तो प्रयोग करू नये.

कोंबू समुद्रातून येतो म्हणून मांसाहारी ठरत नाही. ते शेवाळ आहे.

ठिपक्याठिपक्यांच्या पारदर्शक शेवया जेलीफिशच्या नसतात. त्या कोन्याकूच्या कंदाच्या, आणि तो कंद आपल्या सुरणाच्याच प्रजातीतला.

गुलाबी नक्षीच्या पांढऱ्या चकत्या मात्र मुळ्याच्या नव्हेत. तो वाटून उकडलेला मासा.

शाबू-शाबू प्राचीन नाही. बीजिंगच्या मटणाच्या हॉटपॉटवरून सुचलेला हा प्रकार ओसाकातल्या सुएहिरो या हॉटेलाने १९५२ मध्ये या नावाने आणला.

तेव्हा सल्ला द्यायचाच असेल तर असा द्या. टेबल राखून ठेवतानाच विचारा, ‘दाशी वा कोंबू दाके देसु का’, म्हणजे अर्क फक्त कोंबूचा आहे का. मग सॉसबद्दल विचारा, ‘कात्सुओ वा हाइत्ते इमासु का’, म्हणजे यात कात्सुओ आहे का. उत्तर संदिग्ध आलं तर साधा सोया सॉस, मीठ आणि लिंबू मागा. भांडं वेगळं मागा. ही चार वाक्यं बोलायला एका फोनपेक्षा जास्त वेळ लागत नाही. ती न बोलता ‘बिनधास्त जा’ म्हणणाऱ्याला विचारावं, तुम्ही रस्सा कशाचा ते कधी विचारलं होतं?