चौक एक, खाती अनेक : रस्ते आणि सिग्नलची जबाबदारी कोणाची?

इंदूरमध्ये एखाद्या चौराह्यावरचा सिग्नल बंद पडला, तर तक्रार कोणाकडे करायची? हा प्रश्न आपल्या मंडळातल्या दहा सभासदांना विचारला, तर चार-पाच तरी निरनिराळी उत्तरे येतील. कोणी नगर निगमचे नाव घेईल, कोणी यातायात पोलिसांचे, कोणी स्मार्ट सिटीचे, तर कोणी सरळ पार्षदांकडे जा म्हणेल. गंमत अशी की यातले कोणतेच उत्तर साफ चूक नाही आणि कोणतेच पुरते बरोबरही नाही.

आम्ही काही निवृत्त सभासदांनी गेल्या काही महिन्यांत या विषयात थोडे लक्ष घातले. आम्ही अभियंते नाही. आमच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य बँकेत, हिशेबात आणि फायलींत गेले. पण हा प्रश्न सिमेंट-डांबरापेक्षा फायलींचाच जास्त आहे, असे आमच्या लक्षात आले. म्हणून जे समजले ते सर्वांसाठी सोप्या शब्दांत मांडत आहोत.

एका चौकात किती खाती?

चौक आपल्याला एक दिसतो, कागदावर मात्र त्याचे तुकडे असतात. आपल्या शहरात साधारण वाटणी अशी आहे.

नगर निगम : वस्त्यांतले आणि शहरातले बहुतेक रस्ते, फुटपाथ, दुभाजक, पथदिवे, ड्रेनेजची झाकणे, रस्त्याकडेची झाडे.

इंदूर विकास प्राधिकरण : आपल्या योजनांतले नवे रस्ते आणि काही मोठे पूल. सुपर कॉरिडॉर प्राधिकरणाने विकसित केला, भंवरकुआंचा पूलही त्यांनीच बांधला. काम झाले की रस्ता निगमकडे सोपवला जातो.

लोकनिर्माण विभाग : राज्य शासनाचे रस्ते आणि काही पूल. बंगाली चौराह्याचा पूल या विभागाचा.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण : बायपाससारखे महामार्ग.

यातायात पोलीस : वाहतुकीचे नियमन, सिग्नल चालवणे, त्याच्या वेळा ठरवणे, दंड. डिसेंबर २०२१ पासून इंदूरला पोलीस आयुक्त पद्धत आहे, त्यामुळे हे काम आयुक्तालयाच्या अखत्यारीत येते.

याशिवाय सिग्नलला वीज देणारी वितरण कंपनी, सिटी बस चालवणारी कंपनी, कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष उभारणारी स्मार्ट सिटी कंपनी आणि आता मेट्रो. म्हणजे एका खांबावरच्या तीन दिव्यांमागे पाच-सहा कार्यालये उभी असतात.

कायदा काय सांगतो?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे द्यावयाची १८ कामे तिच्यात आहेत. ‘रस्ते आणि पूल’ त्यात आहेत. पथदिवे, वाहनतळ आणि बसथांबेही आहेत. वाहतूक सिग्नलचा मात्र वेगळा उल्लेख नाही. दुसरीकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११६ प्रमाणे वाहतूक चिन्हे लावण्याचा अधिकार राज्य शासनाचा किंवा शासनाने नेमलेल्या संस्थेचा आहे. त्यामुळे रस्ता एकाचा आणि सिग्नल दुसऱ्याचा, ही स्थिती कायद्यातच बसणारी आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने याच कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर जबाबदार संस्थेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरतूद चांगली आहे. पण तिचा उपयोग व्हायचा तर ‘जबाबदार कोण’ हे आधी लिहिलेले असले पाहिजे, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

पैसा येतो, देखभाल राहते

बँकेत आम्ही भांडवली खर्च आणि महसुली खर्च वेगळा पाहायला शिकलो. यंत्र घ्यायला कर्ज मिळते, पण ते चालवायला दरमहा पैसा लागतो. चौकाचेही तसेच आहे. नवा सिग्नल बसवायला कोणत्यातरी योजनेतून निधी मिळतो, उद्घाटन होते, फोटो निघतात. त्यानंतर विजेचे बिल, दिवे बदलणे, जमिनीखालची तार तुटली तर जोडणे, झेब्रा पट्टे पुन्हा रंगवणे, सिग्नल झाकणारी फांदी छाटणे, हा खर्च वर्षानुवर्षे चालतो. तो कोणाच्या अंदाजपत्रकात आहे, हे पहिल्याच दिवशी ठरले नाही तर ठेकेदाराची हमीची मुदत संपताच चौक पोरका होतो.

स्मार्ट सिटी मिशनचेच पाहा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मिशनच्या पहिल्या यादीत इंदूर होते. मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. उपकरणे मात्र खांबांवर आहेतच. त्यांची देखभाल यापुढे कोणत्या खात्यातून होणार, हे प्रत्येक शहराने कागदावर आणायला हवे.

बीआरटीएसचाही धडा असाच. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग मे २०१३ मध्ये सुरू झाला. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो काढण्याचे ठरले. रेलिंग काढणे हे एक काम झाले. पण मधली बस-लेन गेली की वाटेतल्या प्रत्येक चौकात सिग्नलच्या वेळा, पादचाऱ्यांची जागा, बसथांबे, वळणे, सगळे नव्याने मांडावे लागते. एकाने रेलिंग काढायचे, दुसऱ्याने दुभाजक बांधायचा, तिसऱ्याने सिग्नल बदलायचा. क्रम चुकला की मधले काही महिने लोकांनी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा.

पंधरा सेकंदांचा हिशेब

हा विषय कोरडा वाटेल, म्हणून एक साधे गणित. सिग्नलची आखणी करताना पादचाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. रस्ता २४ मीटर रुंद असेल तर ओलांडायला २० सेकंद लागतात. आपल्यातल्या गुडघेदुखीच्या ज्येष्ठांचा वेग ०.८ मीटर धरला तर ३० सेकंद. आता पायी जाणाऱ्यांना हिरवा दिवा १५ सेकंदच मिळत असेल, तर आजी १२ मीटर चाललेल्या असतात, म्हणजे बरोबर रस्त्याच्या मधोमध.

उपाय दोन. एक, वेळ वाढवणे. त्याला जवळजवळ खर्च नाही, पण तो पोलिसांनी करायचा. दुसरा, दुभाजकात उभे राहण्यापुरती सुरक्षित जागा करणे. ते काम रस्ता ज्याचा त्याचे. दोघे एकत्र बसले तर अर्ध्या तासात निर्णय होतो. न बसले तर आजी रोज मधोमधच उभ्या राहणार.

केंद्र शासनाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. त्या वर्षी अपघातांच्या संख्येत तमिळनाडूनंतर दुसरा क्रमांक आपल्या मध्य प्रदेशाचा, ५४,४३२ अपघातांसह. टोलवाटोलवीची किंमत अशी मोजावी लागते.

बँकांनी हे कसे सोडवले

अनेक धनी असले की काम होत नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मोठ्या उद्योगाला एक बँक पुरत नाही, तेव्हा पाच-सहा बँका मिळून कर्ज देतात. प्रत्येकीचा हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. त्यांतली एक अग्रणी. कागदपत्रे ती सांभाळते, बैठक ती बोलावते, आणि कर्जदाराला एकाच दारात जावे लागते. जिल्ह्याच्या पातळीवरही असेच झाले. धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्ये क्षेत्रवार पद्धत सुचवली आणि त्याच वर्षाअखेर रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना आणली. इतर बँकांच्या शाखा बंद झाल्या नाहीत, त्यांचे अधिकारही गेले नाहीत. फक्त सर्वांना एका टेबलावर आणण्याची जबाबदारी एका बँकेवर आली.

रस्त्यांच्या बाबतीतही वाटणीचा विचार जुना आहे, आणि त्यातही एक मराठी नाव आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली. रस्त्यांचा भार एकट्या प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना पेलणारा नाही, असे समितीने सांगितले. त्यातून पेट्रोलवरच्या जादा कराचा केंद्रीय रस्ते निधी १९२९ मध्ये आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्ते, पट्टे, सिग्नल यांची मानके आज हीच संस्था ठरवते.

परदेशातले उदाहरण लंडनचे. तिथले सुमारे ९५ टक्के रस्ते स्थानिक बरोंचे, म्हणजे विभागीय परिषदांचे आहेत, पण शहरातले सगळे सिग्नल एकच संस्था, ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’, सांभाळते. मालकी वाटलेली, पण सिग्नलसाठी दार एकच. आपल्याकडे २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांसाठी एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण सुचवले आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने त्यावर भर दिला. विचार हाच, अग्रणी संस्थेचा.

आमचा छोटा अनुभव

आमच्यापैकी पाचजण एका चौकात कामाच्या दिवशी सकाळी दीड तास वही घेऊन उभे राहिले. अकरा उणिवा निघाल्या. अर्ज दिले. एका कार्यालयाने सांगितले, सिग्नल आमचा नाही. दुसऱ्याने सांगितले, चालवतो आम्ही, पण दुरुस्तीचा निधी आमच्याकडे नाही. तिसऱ्याने सांगितले, आम्ही रस्ता बांधून सोपवला आहे. विशेष म्हणजे तिघेही खरेच सांगत होते.

मग आम्ही अकराही बाबी एकाच तक्त्यात लिहिल्या. प्रत्येकीसमोर फोटो आणि ‘हे काम कोणाचे’ हा रकाना. तोच तक्ता सर्वांना पाठवून संयुक्त पाहणीची विनंती केली. पाहणी झाली. पादचाऱ्यांची वेळ त्याच दिवशी वाढली, फांदी आठवड्यात छाटली गेली, झेब्रा पट्टे पावसाळ्यानंतर रंगवले गेले. दुभाजकातली जागा अजून झालेली नाही, कारण त्या रस्त्याच्या हस्तांतराचा कागदच सापडत नाही.

आपण काय मागायचे?

‘सिग्नल लावा’ किंवा ‘दुरुस्त करा’ एवढेच मागू नये. प्रत्येक मोठ्या चौकासाठी एक पानी जबाबदारीपत्रक मागावे. त्यात चार ओळी हव्यात : अग्रणी संस्था कोणती, बसवण्याचा खर्च कोणाचा, देखभाल आणि वीजबिल कोणाचे, आणि बिघाड झाल्यास किती तासांत कोण येणार.

ते मिळवण्याचे मार्ग आपल्या हातात आहेत. रस्ते, दिवे, झाकणे यांसाठी निगमचे इंदौर ३११ ॲप आहे. तिथे दाद न लागल्यास सीएम हेल्पलाइन १८१, जिथे तक्रार न सुटल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. त्या कायद्याचे कलम ६(३) विशेष लक्षात ठेवावे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे ही घेणाऱ्या कार्यालयाची जबाबदारी आहे. आपण दारोदार हिंडण्याची गरज नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. सगळी खाती एकत्र बसण्याची हीच जागा, म्हणून तक्त्याची एक प्रत तिथे जावी.

आपल्या कॉलनीजवळच्या चौकाची अशी यादी सभासदांनी करावी, ही विनंती. वही, मोबाइलचा कॅमेरा आणि सकाळचा दीड तास एवढेच लागते. याद्या मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. तक्ता करून देण्याचे काम आम्ही निवृत्त मंडळी आनंदाने करू.