कामटी, खळ आणि सुतळी : नाताळची सजावट घरच्या घरी

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट, वांद्र्याचा हिल रोड, पुण्यातील कॅम्प आणि वसईच्या बाजारपेठा लाल-हिरव्या रंगात न्हाऊन निघतात. प्लास्टिकची झाडे, चमकत्या झिरमिळ्या, काचेसारखे दिसणारे गोळे आणि विजेवर लुकलुकणाऱ्या चांदण्या दुकानांच्या दारापर्यंत ओसंडत असतात. पाहणाऱ्याला मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र नाताळ येतो तो महिन्याच्या अखेरीस. पगार बराचसा संपलेला, मुलांचे कपडे आणि फराळ व्हायचा, पाहुणे तोंडावर. अशा वेळी सजावटीच्या नावाखाली हजार-दोन हजार रुपये बाजूला काढणे अनेक घरांना जड जाते. मग एक तर उसनवारी होते, नाहीतर ‘यंदा राहू दे’ असे म्हणून घर कोरे राहते.

वस्तुतः हे दोन्ही टोकाचे मार्ग टाळता येतात. कारण नाताळची सजावट मुळात विकत घेण्याची गोष्ट नव्हतीच. कोकण किनाऱ्यावरील आणि वसई परिसरातील ख्रिस्ती घरांत चांदणी बांबूच्या कामट्यांची असे, गोठा गवताचा आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या हातांना यातले काहीच परके नाही. कामट्या त्याच, कागद तोच, बदलतो तो केवळ आकार.

गरिबांच्या घरातून आलेल्या प्रथा

नाताळच्या सजावटीतील सर्वपरिचित गोष्टींचा उगम पाहिला तर तो श्रीमंतीत सापडत नाही. गोठ्याच्या देखाव्याचे श्रेय संत फ्रान्सिस असिसीकर यांना दिले जाते. १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी त्यांनी नाताळच्या रात्री गव्हाण, चारा, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा प्रसंग लोकांसमोर उभा केला. गंमत म्हणजे शुभवर्तमानात बैल-गाढवाचा उल्लेख नाही. लूकच्या वृत्तांतात गव्हाण आणि मेंढपाळ आहेत, मत्तयच्या वृत्तांतात तारा आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष. लोकांनी दोन्ही एकत्र केले आणि गोठा पूर्ण झाला.

नाताळपूर्वीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावण्याच्या ‘आगमनचक्रा’ची कथाही अशीच आहे. जर्मनीतील हॅम्बर्ग येथे योहान विखर्न हे धर्मोपदेशक अनाथ, गरीब मुलांचे वसतिगृह चालवीत. ‘नाताळ कधी?’ या मुलांच्या रोजच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान आणि रविवारी एक मोठी. पुढे त्याच चाकाचे हिरव्या पानांचे चक्र झाले. तात्पर्य, मोडके चाक आणि थोडे गवत एवढ्यावर उभ्या राहिलेल्या या प्रथा आहेत. त्यांच्यासाठी खिसा रिकामा करण्याचे कारण नाही.

आधी चांदणी

मोजकेच काही करायचे असेल तर चांदणी करावी. ती दारात किंवा गॅलरीत टांगली की बाहेरच्यालाही घरात सण असल्याचे कळते. साध्या पंचकोनी चांदणीसाठी सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाच समोरच्या बाजूला आणि पाच मागच्या. कामटी ६० सेंटिमीटरची घेतली तर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करावी. मध्ये १४ सेंटिमीटर उरतात. पाच कामट्या एकमेकींवर अशा ठेवाव्यात, की त्या या खुणांवरच एकमेकींना छेदतील. चांदणी आपोआप प्रमाणबद्ध येते. अंदाजाने बांधायला गेल्यास एक पाय लांब आणि एक तोकडा होतो. प्रस्तुत प्रतिनिधीची पहिली चांदणी याच कारणाने दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली.

अशा दोन चांदण्या तयार झाल्या की त्या एकावर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने घट्ट बांधावीत. त्यानंतर आतल्या पाच छेदबिंदूंवर, दोन्ही चांदण्यांच्या मध्ये, साधारण दहा सेंटिमीटरचे पाच तुकडे आडवे बसवून बांधावेत. त्यामुळे मधला भाग फुगतो आणि दिव्याला जागा मिळते. कामट्या सुक्या असतील तर वाकवताना मोडतात; त्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घालाव्यात.

आता कागद. पतंगाचा कागद सर्वांत स्वस्त आणि प्रकाशात सुंदर दिसणारा. सांगाडा कागदावर ठेवून बाहेरून रेघ मारावी, दोन सेंटिमीटर जास्तीचा कागद सोडून कापावे आणि ती कड आत वळवून खळीने चिकटवावी. खळीत चिमूटभर मोरचूद टाकण्याची जुनी पद्धत कसर लागू नये म्हणून होती. परंतु मोरचूद विषारी असल्याने लहान मुले हाताळणार असतील तर ते टाळावे, ताजी खळ पुरेशी असते. खालच्या बाजूची एक फट उघडी ठेवावी. दिवा तिथूनच आत जातो.

मुलांना यात गुंतवावे, त्यांची भूमिती पक्की होते. जर्मनीतील नीस्की या गावच्या मोरेव्हियन शाळेत १८३० च्या दशकात अनेक टोकांची कागदी चांदणी तयार झाली, तीही भूमितीचा पाठ म्हणूनच. आज ती जगभर नाताळची खूण मानली जाते.

गोठा : पेरणीपासून सुरुवात

गोठ्याची तयारी खरे तर दहा-बारा दिवस आधी, पेरणीने सुरू होते. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरण्याची रीत ज्यांच्या घरी आहे त्यांना ही पद्धत सांगायला नको. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवावेत. पसरट ताटात किंवा मिठाईच्या रिकाम्या डब्याच्या झाकणात मातीचा बोटभर थर द्यावा, धान्य दाट पसरावे, वर मातीचा हलका हात फिरवावा आणि रोज पाणी शिंपडावे. पाणी साचू देऊ नये, अन्यथा बुरशी धरते. गहू आठवडाभरात वर येतो. नाचणी बारीक आणि कोवळी येते, तिला थोडे अधिक दिवस द्यावेत. १२ ते १५ डिसेंबरच्या सुमारास पेरले म्हणजे २४ तारखेला गोठ्यासमोर हिरवे कुरण तयार असते. प्लास्टिकच्या गवताच्या तुकड्याला ही टवटवी येत नाही.

गोठ्याचा सांगाडा किराणा दुकानातील खोक्याचा करावा. एक बाजू पूर्ण कापून टाकावी, छपराला उतार द्यावा आणि वर पेंढा, नारळाचा काथ्या किंवा झावळीच्या पट्ट्या चिकटवाव्यात. डोंगरासाठी खाकी कागद चुरगाळून, पातळ खळीत बुडवून पुठ्ठ्यावर वाळू द्यावा. वाळल्यावर तो दगडासारखा ताठ होतो. चहाच्या गाळलेल्या चोथ्याच्या पाण्याचा हात दिल्यास रंगही दगडाचा येतो.

मूर्तींचा संच महाग असतो. गणेशोत्सवातील शाडूची माती उरली असेल तर तीच भिजवून मूर्ती घडवाव्यात. चेहरे नीट जमले नाहीत तरी हरकत नाही. मरियेचा निळा पदर, योसेफाच्या हातातील काठी आणि मेंढपाळाच्या खांद्यावरील कोकरू एवढ्या खुणा ओळखीसाठी पुरेत. शाडू सावलीतच वाळवावी. उन्हात ती तडकते.

थर्माकोलचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. दुकानात कुठे मिळालेच, तरी ते घेणे योग्य नव्हे.

झाड नसले तरी चालते

शहरातील दोन खोल्यांच्या घरात पाच फुटी झाड ठेवायचे कुठे, हा व्यावहारिक प्रश्न आहे. त्याला उत्तर भिंतीवर आहे. वाळक्या फांद्यांचे सात तुकडे घ्यावेत. सर्वांत खालचा ७० सेंटिमीटरचा, त्यावरचा प्रत्येक दहा सेंटिमीटरने लहान. दोन सुतळ्यांना ते शिडीसारखे एकावर एक बांधून खिळ्याला टांगले की भिंतीवर झाडाचा त्रिकोण उभा राहतो. जागा शून्य, खर्च सुतळीपुरता, आणि सण संपला की गुंडाळून कपाटावर ठेवता येते.

किनारपट्टीवर सुरूची फांदी आणण्याची जुनी सवय आहे. परंतु रस्त्याकडेच्या अथवा किनाऱ्यावरील झाडाला कोयता लावणे गुन्हा ठरू शकते. नागरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. गळून पडलेल्या काटक्या मात्र मुबलक मिळतात. जिवंत झाडच हवे असेल तर रोपवाटिकेत मिळणारे कुंडीतील अरॉकेरिया घ्यावे. एकदाचा खर्च होतो, पण ते पुढली कित्येक वर्षे गॅलरीत वाढते.

झाडावर लावायला घरातच बरेच काही सापडते. डिसेंबरात संत्री भरपूर असतात. संत्र्याची साल मोठ्या तुकड्यांत सोलून, ओली असतानाच कात्रीने चांदणीच्या आकारात कापावी, सुईने भोक पाडून दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी. तिचा वास आठवडाभर खोलीत दरवळतो. पूर्ण चकत्या वाळवण्याचा सल्ला परदेशी मासिकांत असतो, पण मुंबईच्या दमट हवेत त्यांना बुरशी येते; सालच बरी. जुन्या लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद, शिंप्याकडच्या कापडाच्या चिंध्या, तुटलेल्या माळेचे मणी, दालचिनीच्या कांड्या यांतून उरलेली सजावट सहज होते.

आगीची काळजी

हाताने केलेली सजावट कागद, पेंढा आणि कापूस यांची असते. हे तिन्ही पदार्थ क्षणात पेट घेतात, हे विसरता कामा नये. चांदणीत जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावल्यास तो तापून कागद करपतो. कमी वॅटचा एलईडी दिवाच वापरावा. गोठ्याच्या आत मेणबत्ती किंवा पणती कधीही ठेवू नये. बर्फ म्हणून पसरलेल्या कापसाजवळ तर नाहीच. दिव्यांच्या माळेची वायर कुठे सोलली गेली आहे का, हे लावण्यापूर्वी पाहावे, एकाच बोर्डावर अनेक माळा जोडू नयेत आणि झोपण्यापूर्वी सर्व दिवे बंद करावेत. आगमनचक्रावरील मेणबत्त्या धातूच्या किंवा मातीच्या ताटलीत, पडद्यापासून दूर ठेवाव्यात आणि खोलीत कोणी असेल तेव्हाच लावाव्यात.

खर्चाचा क्रम

हातात पाचशे रुपयेच असतील तर ते कसे वापरावेत? आधी चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा आणि वायर-होल्डर घ्यावा. येथे काटकसर करू नये. तो पुढे दिवाळीच्या कंदिलालाही चालतो. त्यानंतर कामट्या, पतंगाचा कागद आणि सुतळी. मग मूठभर नाचणी, जी बहुधा घरातच असते. उरलेल्या पैशांत मेणबत्त्या. तयार झिरमिळ्या आणि गोळे सर्वांत शेवटी, उरले तर. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो. चमकणाऱ्या वस्तू आधी येतात आणि जानेवारीत कचऱ्यात जातात.

गोठा एकाच दिवशी पूर्ण करण्याची घाई नको. परंपरेनुसार २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामीच राहते. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर घरातील सर्वांत लहान मूल तीत बाळ येशूची मूर्ती ठेवते, अशी अनेक कुटुंबांची पद्धत आहे. काही घरांत तीन राजांच्या मूर्ती आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात आणि रोज वीतभर पुढे सरकवत ६ जानेवारीला, त्यांच्या सणाच्या दिवशी, गोठ्यापर्यंत आणतात. मुलांसाठी यासारखा खेळ नाही, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

कामट्यांची चांदणी बांधणारे हात आता थोडे उरले आहेत. तयार चांदणी वर्षागणिक स्वस्त होत गेली, तशी घरी बांधणाऱ्यांची सवय सुटली. ज्यांच्या घरात आजी-आजोबांना ही कला अवगत आहे, त्यांनी यंदा त्यांना कामट्या आणून द्याव्यात आणि शेजारी मुलांना बसवावे. चांदणी थोडी तिरकी झाली तरी चालेल. पुढल्या वर्षी तिचा सांगाडा तसाच असेल; कागद तेवढा नवा लावायचा.