ध्रुवापासून उपग्रहापर्यंत

पूर्वी उत्तरेकडून बुऱ्हाणपुरास येणारा वाटसरू दिवसा असीरगडाची खूण धरी आणि रात्री ध्रुवतारा पाठीशी ठेवी. ध्रुव केवळ दिशाच दाखवीत नाही. क्षितिजापासूनची त्याची उंची आपले अक्षांशही सांगते. आमच्या लोधीपुऱ्यातून तो सुमारे २१ अंशांवर दिसतो.

आज हे काम कृत्रिम उपग्रह करतात. प्रत्येक उपग्रह स्वतःचे स्थान व अचूक वेळ सतत कळवितो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. त्यास लागलेल्या काळावरून अंतर निघते. तीन अंतरांवरून आपले स्थान ठरते, तर चौथा उपग्रह आपल्या यंत्राच्या घड्याळातील चूक दुरुस्त करतो. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूकही ३०० मीटरांचा फरक पाडते! म्हणून उपग्रहांत अणुघड्याळे असतात.

भारताच्या ‘नाविक’ मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी अवकाशात गेला. पुढे त्याची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली आणि त्याच्या जागी १२ एप्रिल २०१८ रोजी दुसरा धाडावा लागला.

विद्यार्थिमित्रहो, यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु ध्रुव ओळखण्याची विद्याही विसरू नये. ते घड्याळ कधीच बंद पडत नाही.