पेटलेल्या रणगाड्यात थांबायचं कशासाठी?

 कारंजा लाडच्या एका एनसीसीवाल्या पोरानं पत्रातून मला अडवलं आहे. १९७१ च्या भारत-पाक युद्धात रणगाडा पेटला होता, वायरलेसवरून बाहेर पडायचा हुकूम आला होता, तरी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आतच राहिले; मग हा आज्ञाभंग झाला की नाही, असं तो विचारतो.

झाला. पण रणगाड्याच्या पोटात शिरल्याशिवाय तो उमगायचा नाही.

खेत्रपाल १४ ऑक्टोबर १९५० ला पुण्यात जन्मले, खडकवासल्याला शिकले आणि १३ जून १९७१ ला पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. युद्ध तोंडावर आलं तेव्हा ते अहमदनगरला रणगाड्यांचं शिक्षण घेत होते. तिथून थेट बोलावणं आलं. वाटेत दिल्लीच्या घरून त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश बरोबर घेतला. म्हणे लाहोरात लागतील! एकविसाव्या वर्षीच माणूस असं सामान बांधतो.

१६ डिसेंबरची सकाळ, शकरगढ भागातली बसंतर नदी. आदल्या रात्री आपलं पायदळ पलीकडे उतरलं होतं. सुरुंग पुरते निघाले नव्हते, तरी पूना हॉर्सचे प्रमुख हनुत सिंग यांनी आपले रणगाडे त्यातूनच पुढे काढले. सकाळी जरपालपाशी पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे धुराच्या पडद्याआडून चालून आले. त्यांच्यासमोर कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि खेत्रपाल यांचे तीन सेंच्युरियन रणगाडे उभे राहिले.

आता मुद्द्याचं. रणगाडा दोन तऱ्हांनी निकामी होतो: एक तर तो चालेनासा होतो, नाहीतर मारेनासा. सेंच्युरियनचं इंजिन मागे, तोफ मधल्या बुरुजात. वीज गेली तरी हातानं चाक फिरवून बुरूज वळवता येतो. आग मात्र वाईट, कारण गोळे आतच रचलेले असतात. म्हणून बाहेर पडायचा हुकूम रास्तच होता. पण अहलावतांचा रणगाडा मार खाऊन बसला होता, मल्होत्रांची तोफ बिघडली होती. त्या फळीवर मारणारी तोफ उरली एकच, खेत्रपालांची. त्यांनी वायरलेसवर तेवढंच कळवलं आणि संच बंद केला. मला यात बेभानपणा दिसत नाही. सरळ हिशेब दिसतो. त्यांनी टिपलेला शेवटचा पॅटन जेमतेम १०० मीटरवर होता. मग त्यांच्या रणगाड्यावर पुन्हा गोळा बसला. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. त्याच रणगाड्यातले सवार नंद सिंगही कामी आले. त्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

त्या लढाईत समोरच्या बाजूला असलेले मेजर नासेर २००१ मध्ये खेत्रपालांच्या वडिलांचे लाहोरात यजमान होते. वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, आपलं जुनं गाव सरगोधा पाहायला गेले होते. तुमच्या मुलाचा रणगाडा मीच मारला, हे नासेरांनी त्यांना तेव्हा सांगितलं.

तो रणगाडा, 'फॅमागुस्ता', पुढे दुरुस्त करून अहमदनगरलाच ठेवला.